पाळीतली पोटदुखी आणि रोजचं जेवण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-साताऱ्याकडच्या शाळा-कॉलेजांत किंवा बचत गटाच्या बैठकीत आहारावर बोलायला गेलं, की सगळ्यांदेखत पाळीचं कुणी विचारत नाही. कार्यक्रम संपतो, सतरंज्या गोळा व्हायला लागतात, तेव्हा दोघी-तिघी मागं रेंगाळतात आणि हळू आवाजात विचारतात. विट्यात जे विचारतात तेच वाईत, तेच जतमध्ये. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत.

पाळीत पोट दुखतं म्हणजे आत नेमकं काय होतं? त्यात जेवणाचा काय संबंध?

गर्भाशय म्हणजे स्नायूंची पिशवी. दर महिन्याला तिच्या आत अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक उतरतं, अस्तर सुटायला लागतं आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बाहेर पडतात. त्यांच्यामुळं पिशवी ओलं धुणं पिळावं तशी आवळते. आवळलेली असताना तिचा स्वतःचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी पडतो आणि ओटीपोटात कळ येते. ज्यांच्या अंगात ही रसायनं जास्त तयार होतात त्यांना कळा जास्त. आतड्यावरही त्यांचा परिणाम होतो, म्हणून पाळीच्या पहिल्या दिवशी मळमळतं, पातळ शौचाला होतं, डोकं दुखतं. कंबर धरते, मांड्या भरून येतात, तेही याच्यातलंच.

ही रसायनं शरीर चरबीतल्या घटकांपासून बनवतं. आपण कोणतं तेल-तूप, कोणत्या बिया, कोणते मासे खातो याचा थोडा परिणाम तिथं होतो. दुसरा संबंध जास्त रोजचा आहे. पोट रिकामं असेल, शौचाला साफ होत नसेल, अंगात रक्त कमी असेल, तर तीच कळ सोसवत नाही. कोणताही पदार्थ खाल्ला आणि अर्ध्या तासात कळ थांबली, असं होत नाही. जेवणातल्या बदलाचा गुण यायला दोन-तीन महिने तरी लागतात आणि तो सगळ्यांना सारखा येत नाही. तरीही मी त्याच्या मागं लागते, कारण आपल्याकडच्या मुली महिनाभर फार कमी खातात.

आई म्हणते, आम्हालाही दुखायचं, लग्न झालं की थांबतं. खरं का?

लग्नानं काही बदलत नाही. वय वाढेल तसा हा त्रास बऱ्याच जणींचा कमी होतो, बाळंतपणानंतरही अनेकींना फरक पडतो, म्हणून आईला तसं वाटत असणार. पण सोळा वर्षांच्या मुलीनं दर महिन्याला दोन दिवस शाळा बुडवायची आणि लग्नाची वाट बघायची, हे मला मान्य नाही. तिला आज उपचार मिळायला हवेत.

दही, ताक, लिंबू, चिंच बंद करायची का?

नाही. आंबट खाल्ल्यानं कळा वाढत नाहीत. लिंबामुळं तर जेवणातलं लोह अंगी लागायला मदत होते. कुणाला दुखण्यावरची गोळी घेतल्यावर छातीत जळजळत असेल तर तेवढ्यापुरतं आंबट कमी करा, बाकी कारण नाही. लोणच्याला हात लावला तर लोणचं नासतं, हेही खरं नाही. ओला हात लावला तर कुणाचंही नासेल.

बाजरी, तीळ, हळीव, पपई उष्ण. त्यानं जास्त जातं म्हणून घरात देत नाहीत.

एका जेवणानं रक्तस्राव वाढत नाही. तो किती होणार हे संप्रेरकं, गर्भाशयातल्या गाठी, थायरॉईड, रक्त गोठण्याची क्षमता यांवर ठरतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ‘उष्ण’ म्हणून मुलीच्या ताटातून जे काढून घेतात त्यातलं बरंचसं लोहाचं आणि कॅल्शियमचं असतं. माण-खटावात आणि आटपाडीला थंडीत घरोघरी बाजरीची भाकरी होते. भावाला तीळ लावलेली भाकरी आणि पाळी आलेल्या बहिणीला साधा भात, हे मी पाहिलं आहे. रक्त तिचं जातं आणि भाकरी त्याला. भाकरी तिला द्या.

घरच्या गुऱ्हाळाचा गूळ आहे. रोज खडा खाल्ला तर रक्त वाढेल ना?

उसाच्या पट्ट्यातला हा हमखास प्रश्न. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम गुळात साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. म्हणजे २० ग्रॅमच्या खड्यातून एक मिलिग्रॅमही मिळत नाही. बाईची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे. गूळ गोडापुरता, शेंगदाण्याबरोबर किंवा फुटाण्याबरोबर खा. रक्तवाढीसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

मग रक्त कशानं वाढतं?

याचं उत्तर जरा लांबणार आहे, कारण गरज तेवढी मोठी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. रक्तक्षयामुळं कळा सुरू होत नाहीत, पण ज्यांच्या अंगावरून जास्त जातं त्यांचं रक्त कमी होतं, धाप लागते, डोळ्यांपुढं अंधारी येते आणि पाळीचे दिवस दुप्पट जड जातात.

पहिली गोष्ट धान्याची. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असतं, शाळूत, म्हणजे रब्बीच्या ज्वारीत, चारच्या आसपास. दोन वेळा चपाती-भात खाणाऱ्या घरानं एक वेळ भाकरीवर यावं. दुसरी गोष्ट कडधान्यांची. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, उडदाचं घुटं, कोरेगावकडचा वाघ्या घेवडा हे सगळं आपल्याच रानातलं आहे आणि हल्ली घरात पाहुण्यासारखं येतं. मोड आणले की त्यातलं लोह सोडवायला शरीराला सोपं जातं. अंबील आंबवण्याचाही तोच फायदा. वर लिंबू पिळा, नाहीतर जेवण झाल्यावर पेरू किंवा आवळा खा. धान्य-डाळींतलं लोह एकटं फारसं अंगी लागत नाही, त्याला क जीवनसत्त्वाची जोड लागते. तासगावचे बेदाणे मूठभर खायला चांगले, तेही या सगळ्याच्या जोडीला. भाजी लोखंडी कढईत केली तर थोडं लोह त्यातूनही उतरतं.

मटण होतं त्या घरांसाठी एक सांगते. रविवारी फोडी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात जातात, शेवटी जेवायला बसणाऱ्या बायकांच्या वाट्याला रस्सा आणि हाडकं येतात. लोह फोडीत असतं, कलेजीत असतं. रश्श्यात तिखट आणि तेल. मांसातलं लोह धान्यातल्यापेक्षा किती तरी सहज अंगी लागतं, आणि घरात त्याची सगळ्यात जास्त गरज पाळी येणाऱ्या बाईला आहे. पातेल्यातून तिच्या फोडी आधी बाजूला काढून ठेवा.

हिमोग्लोबिन खूप खाली असेल तर मात्र जेवणावर भागत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोह आणि फॉलिक ॲसिडची असते. ती मुली दप्तरात लपवतात, कारण मळमळतं आणि शौच काळी होते. काळी शौच घाबरण्यासारखी नाही. गोळी दुपारच्या जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. जंताची गोळीही वेळच्या वेळी घ्या. जंत रक्त पितात आणि आपण मात्र लोह मोजत बसतो.

चहा सोडायला लागेल का?

सोडू नका, जेवणापासून लांब न्या. जेवणाबरोबर चहा घेतला तर धान्य-भाजीतलं निम्म्याहून जास्त लोह वाया जाऊ शकतं. जेवणाच्या आधी-नंतर एक तास तरी मधे जाऊ द्या. चहामुळं कळा वाढतात का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. कोऱ्या पोटी चहा घेतल्यावर मळमळ आणि पित्त वाढतं, हे मात्र बहुतेकींनी अनुभवलेलं असतं.

सकाळी साडेसहाची एसटी पकडायची असते. दुखायला लागलं की काही खाववत नाही. मग काय करू?

खेड्यातून सांगलीला, कराडला, साताऱ्याला शिकायला येणाऱ्या मुलींचा दिवस कसा जातो बघा. पहाटे उठून अर्धा कप चहा. एसटीत उभं राहून प्रवास. दहाला कँटीनमध्ये पुन्हा चहा आणि क्रीमरोल. अकराला ओटीपोटात कळ मारायला लागते, मैत्रीण पर्समधली गोळी देते, ती रिकाम्या पोटी जाते, पंधरा मिनिटांत उलटी होते. मग ती मुलगी वर्षभर सांगत राहते, मला गोळी सोसत नाही. गोळी सोसली असती. पोटात काही नव्हतं.

म्हणून पाळी येण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून तयारी करा. रात्रीचं जेवण टाळू नका. सकाळी काहीच जात नसेल तर एक केळ, नाहीतर दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी एवढं तरी जाऊ द्या. पिशवीत दोन शेंगदाण्याचे लाडू ठेवा, ते एसटीत उभ्यानं खाता येतात. ऐन दुखण्यात पचायला हलकं घ्या : मऊ भात आणि मुगाचं वरण, नाचणीची किंवा शाळवाची अंबील, ताकातल्या कण्या. तीन वेळा भरपेट जमत नसेल तर दर दोन-अडीच तासांनी चार-चार घास. तेलकट वडा-भजी त्या दिवशी नको, मळमळ वाढते.

आयांना एक विनंती. दुखतंय म्हणून पोरगी झोपली असेल तर ‘भूक लागली की उठेल’ म्हणून सोडू नका. वाटीभर काहीतरी तिच्या उशाशी नेऊन द्या. ज्या घरांत अजून ‘बाहेर बसणं’ पाळतात, तिथं मुलगी स्वयंपाकघरात जाऊन हातानं काही घेऊ शकत नाही, कुणी वाढेल तेवढंच खाते आणि दुसऱ्यांदा मागत नाही. ज्या दिवशी चार घास जास्त जायला हवेत, त्याच दिवशी ते कमी होतात. ही पद्धत मोडायला मी प्रत्येक घरात सांगत आले आहे.

सुंठ, ओवा, बडीशेप, मेथ्या यांनी फरक पडतो का?

सुंठेवर बऱ्यापैकी अभ्यास झाले आहेत. पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत दिवसाला पाऊण ते दोन ग्रॅम सुंठपूड दिल्यावर बऱ्याच मुलींना आराम पडला. दोन ग्रॅम म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, तोही दिवसभरात विभागून. यापेक्षा जास्त घेऊन फक्त पित्त होईल. बडीशेप आणि मेथ्यांवरचे अभ्यास लहान आहेत. २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं अशा सगळ्या अभ्यासांची छाननी केली तेव्हा भक्कम पुरावा कशालाच सापडला नाही, सुंठ-मेथीसारख्या काहींना अंधूक आधार मिळाला. ओव्यानं गॅस कमी वाटतो, गरम पाण्यानं बरं वाटतं. स्वयंपाकातल्या प्रमाणात हे सगळं बिनधास्त घ्या.

आणि आपली हळद?

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून हा प्रश्न अभिमानानं विचारला जातो. हळदीतलं कर्क्युमिन सूज कमी करतं हे खरं, पण ते आतड्यातून फार थोडं रक्तात जातं. मिरपूड आणि थोडं तूप-दूध असेल तर जरा जास्त. रात्री हळद-दूध प्या, छान आहे. हळदीच्या अर्काच्या महागड्या कॅप्सूल मात्र स्वतःच्या मनानं घेऊ नका. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील तर त्या त्रासदायक ठरू शकतात.

जवसाच्या चटणीबद्दल फार ऐकलं. कारळ्याची चालेल का?

जवसात ओमेगा ३ जातीचं तेल भरपूर असतं, आणि या तेलानं पाळीतल्या कळा थोड्या कमी होतात असं काही अभ्यासांत दिसलं आहे. कारळं चवीला आणि ताकदीला उत्तम, पण त्यातलं तेल ओमेगा ६ जातीचं, त्यामुळं या कामासाठी ते जवसाची जागा घेत नाही. जवस मंद भाजून कुटा. अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. रोज एक-दोन चमचे चटणी भाकरीबरोबर पुरे. मासे खाणाऱ्यांनी तारली आणि बांगडा घ्यावा. कुंभार्ली घाट उतरलं की चिपळूण, त्यामुळं कराडकडं ताजे मासे मिळायला अडचण नसते, आणि हे दोन्ही पापलेटपेक्षा स्वस्त.

ब१ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्यात का?

१९९६ मध्ये भारतातच ५५६ मुलींवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. रोज १०० मिलिग्रॅम थायमिन, म्हणजे ब१, दिल्यावर बहुतेकींचा त्रास गेला असं त्यात नोंदवलं होतं. पण एका अभ्यासावर सगळ्यांना गोळ्या द्याव्यात असं मी म्हणणार नाही, डॉक्टरांना विचारून घ्या. थायमिन शेंगदाण्यात, डाळींत आणि कोंड्यासकट धान्यात असतं. पांढराशुभ्र पॉलिशचा तांदूळ आणि मैदा यांतून ते निघून गेलेलं असतं.

भडंग, वेफर्स, फरसाण?

पाळीआधी पोट फुगतं, अंगावर सूज वाटते, तेव्हा मीठ कमी केलेलं बरं. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सांगलीची भडंग मलाही आवडते. वाटीभर खा, शेंगदाणे जास्त घालून खा, जेवणाऐवजी खाऊ नका.

उपवासाच्या दिवशी पाळी आली तर?

उपवास सोडा. देवाला चालतं. सोडवत नसेल तर साबुदाणा आणि चहावर दिवस काढू नका. राजगिऱ्याची भाकरी, भगर-शेंगदाण्याची आमटी, रताळं, दूध, केळी, खजूर हे सगळं उपवासाला चालतं. हरतालिकेचा निर्जळी उपवास पाळीत करू नये. नवरात्रात नऊ दिवस एकवेळ जेवणाऱ्या बायकांना त्या महिन्यात पाळी फार जड गेली, तर नवल नाही.

दिवसभर रानात असतो. लघवीला जायला आडोसा नसतो म्हणून पाणीच पीत नाही.

भांगलणीच्या, द्राक्षबागेतल्या आणि ऊसतोडीच्या बायका हे सांगतात. पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, शौचाला खडा होतो आणि ओटीपोट आणखी ताणतं. पाणी प्यायला हवं, हे त्यांना माहीत आहे. आडोसा नाही. म्हणून हे उत्तर बागमालकांसाठी आणि मुकादमांसाठीही लिहिते : चार बांबू आणि जुनी ताडपत्री लावून आडोसा होतो, तो करा. बायकांनी घरून निघताना दोन पेले पाणी पिऊन निघावं आणि दुपारच्या भाकरीबरोबर ताक न्यावं.

पिशवीच काढून टाकली तर कायमचा त्रास संपेल ना?

या प्रश्नाला मी कधीच घाईत उत्तर देत नाही. आपल्या कारखान्यांवर दर हंगामात बीडकडून ऊसतोडीला येणाऱ्या बायकांमध्ये कमी वयात गर्भाशय काढण्याचं प्रमाण इतकं होतं, की २०१९ मध्ये सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. पाळीत खाडा पडला तर पैसे कापले जातात, हे त्यामागचं मोठं कारण होतं. काही आजारांत शस्त्रक्रिया लागतेच. पण फक्त कळा आणि अंगावरून पांढरं जाणं यासाठी तिशीत पिशवी काढायची गरज सहसा नसते. आधी गोळ्या, संप्रेरकांचे उपचार, संसर्गावरची औषधं असे किती तरी मार्ग आहेत. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर हाडं लवकर ठिसूळ होतात. कुणी पहिल्याच भेटीत ‘काढून टाकू’ म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका. मिरजेला आणि सांगलीला सरकारी रुग्णालयं आहेत, साताऱ्यातही आहे.

गोळीची सवय लागते का?

लागत नाही. आयबुप्रोफेन, मेफेनामिक ॲसिड या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात. म्हणून त्या कळ सुरू होताहोता घ्यायच्या, लोळायची वेळ येईपर्यंत थांबायचं नाही. काहीतरी खाऊनच घ्या. पोटात व्रण, किडनीचा आजार किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय औषधकोश आयोगानं मेफेनामिक ॲसिडबद्दल सूचना काढली होती : क्वचित कुणाला गोळीनंतर काही दिवसांनी, काही आठवड्यांनीही, ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं असं होऊ शकतं. तसं झालं तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा.

जोडीला गरम पाण्याची पिशवी घ्या. शेकानं खरोखर आराम पडतो. एरवी आठवड्यातून तीनदा पाऊण तास झपझप चाललं तरी पुढच्या पाळ्या सुसह्य होतात.

जेवण सुधारलं, गोळ्या घेतल्या, तरी दुखतंच. मग?

मग स्वयंपाकघरातून बाहेर पडा आणि डॉक्टरांकडं जा. पाळी सुरू झाली तेव्हा दुखत नव्हतं आणि पंचविशी-तिशीत दुखायला लागलं, दुखणं दर वर्षी वाढत चाललंय, पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला बसल्यावर दुखतं, सात दिवसांपेक्षा जास्त जातं, तासाला पॅड भिजतं, मोठ्या गाठी पडतात, यांतलं काहीही असेल तर आणखी महिना थांबू नका. अशा वेळी एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं), फायब्रॉइडच्या गाठी किंवा संसर्ग असू शकतो. जगात दहातल्या एका बाईला एंडोमेट्रिओसिस असतो. तो कळायला वर्षानुवर्षं जातात, कारण घरचे आणि कधी डॉक्टरही ‘पाळीत दुखणारच’ म्हणून मोकळे होतात.

जाताना गेल्या दोन-तीन महिन्यांचं आठवेल तेवढं कॅलेंडरवर लिहून न्या : पाळी कधी आली, किती दिवस गेली, दिवसाला किती पॅड लागले, कोणत्या दिवशी उठवलं नाही, कोणती गोळी घेतली आणि तिनं किती वेळ बरं वाटलं. तपासणीत हिमोग्लोबिन करून घ्या, सोनोग्राफी सांगितली तर टाळू नका. एकटीला बोलायला अवघड वाटत असेल तर गावातल्या आशाताईंना बरोबर न्या. कॅलेंडरचं पान फाडून डॉक्टरांपुढं ठेवलं तरी चालतं, निम्मं सांगायचं काम ते पान करतं.